बिल मन्रो : एका घराण्याचा मूळपुरुष

कलेच्या इतिहासात ‘जनक’ ही पदवी देणे सोपे असते. पण त्या जनकाचेही कोणी जनक असतात, याचा मग विसर पडतो. अमेरिकेतील ब्लूग्रास संगीताचे जनक बिल मन्रो यांचे स्मरण करताना आम्हांला हीच गोष्ट प्रथम सांगावीशी वाटते.

मन्रो यांचा जन्म १९११ साली केंटकी राज्यातील रोझीन या खेड्याजवळ झाला. घरातले हे शेंडेफळ. फिडल आणि गिटार थोरल्या भावांनी घेतल्यामुळे धाकट्याच्या वाट्याला मँडोलिन आले. आईवडील लवकर निवर्तले आणि पोरक्या मुलाला पेंडल्टन व्हँडिव्हर या मामांनी आसरा दिला. मामा नाचाच्या मेळाव्यांत फिडल वाजवीत. भाचा साथीला बसे. दुसरे गुरू आर्नोल्ड शुल्ट्झ. हे कृष्णवर्णीय खाणकामगार गिटार आणि फिडल, दोन्हींत निष्णात होते. ब्लूजचा दर्दभरा सूर मन्रोंना त्यांच्याकडून लाभला.

१९३९ मध्ये मन्रो नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नभोवाणी कार्यक्रमात दाखल झाले. आपल्या ताफ्याला त्यांनी ‘ब्लू ग्रास बॉइज’ असे नाव दिले होते. पुढे तेच संगीताचे नाव झाले. १९४५ मध्ये लेस्टर फ्लॅट आणि अर्ल स्क्रग्ज हे दोघे त्यांना मिळाले. स्क्रग्ज तीन बोटांनी बँजो असा वाजवीत, की द्रुत लयीतही एकेक स्वर सुटा, स्वच्छ ऐकू येई. ताफ्याची घडण पुरी झाली.

१९४८ मध्ये दोघेही बाहेर पडले व त्यांनी स्वतःचा ताफा उभारला. मन्रोंना हा घाव वर्षानुवर्षे सलत राहिला. आपले संगीत इतरांनी उचलले, असे त्यांना वाटे. हे दुःख आम्ही समजू शकतो. परंतु बँजो तरी कोणाचा? आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी ते वाद्य अमेरिकेत रुजविले. शिष्य बाहेर पडले नसते, तर एक ताफा उरला असता. घराणे झाले नसते.

शुल्ट्झ १९३१ मध्ये वारले. त्यांच्या वादनाची एकही ध्वनिमुद्रिका नाही. पुढे कीर्तिशिखरावर असताना मन्रो त्यांचे ऋण बोलून दाखवीत, म्हणून आज ते नाव आपल्याला ठाऊक आहे. १९९६ साली मन्रोही गेले. त्यांची थोरवी सांगताना आम्ही मँडोलिनच्या जोडीला हे ऋणस्मरणही मोजतो.