सुनावणी घेणाऱ्याला हटवायचं कोणी?

आज आपण अमेरिकेतल्या एका वेगळ्या न्यायाधीशाकडे वळू. हा कोर्टातला न्यायाधीश नव्हे, सरकारी खात्याचाच पगारी माणूस. भत्ते, परवाने, दंड अशा प्रकरणांची सुनावणी तो घेतो.

तक्रार जुनीच होती. आरोप करणारं खातं, आणि निकाल देणाराही त्याच खात्याचा! १९४६च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याने मधली वाट काढली. माणूस खात्यातच राहील. पण त्याला काढायचं तर सबळ कारण हवं, आणि ते आहे की नाही हे बाहेरचं मंडळ ठरवेल.

या संरक्षणाची गरज काय, ते १९८०नंतर दिसलं. सोशल सिक्युरिटी खात्यात अपंगत्व भत्त्याचे दावे यायचे. निकालांची फेरतपासणी करा, असं काँग्रेसनेच सांगितलं होतं, हे खरं. पण खात्याने निवडले कोणाचे निकाल? जास्त दावे मंजूर करणाऱ्यांचे. भरमसाट नामंजूर करणाऱ्यांकडे तशी नजर वळली नाही, गंमत बघा! न्यायाधीशांची संघटना कोर्टात गेली. १९८४मध्ये वॉशिंग्टनच्या फेडरल कोर्टाने म्हटलं की, असा दबाव १९४६च्या कायद्याच्या भावनेला धरून नाही. मनाई हुकूम मात्र दिला नाही, कारण तोवर खात्याने पद्धत बदलली होती.

आता दुसरी बाजू. राज्यघटनेने कार्यकारी सत्ता राष्ट्राध्यक्षाला दिली आहे. मग हाताखालच्या माणसाला तो काढू शकत नसेल, तर जबाबदारी कोणाची? हा प्रश्न आम्हाला पोकळ वाटत नाही. २०१०मध्ये हिशेब तपासनिसांवर देखरेख करणाऱ्या मंडळाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने दुहेरी संरक्षण घटनाबाह्य ठरवलं. दुहेरी म्हणजे, ज्याला सहज काढता येत नाही, त्याला काढणाऱ्यालाही सहज काढता येत नाही. आपले न्यायाधीशही नेमके असेच बसलेले. पण त्यांचा प्रश्न कोर्टाने तळटीपेत बाजूला ठेवला. एवढा मोठा प्रश्न, आणि तळटीपेत!

२०२२मध्ये पाचव्या सर्किटच्या अपील कोर्टाने तोच तर्क शेअर बाजार आयोगाच्या न्यायाधीशांना लावला. २०२४मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम केला, पण ज्युरीच्या हक्कावर; हटवण्याच्या मुद्द्याला हात लावला नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये न्याय खात्याने जाहीर केलं की, हे संरक्षण घटनाबाह्य आहे आणि कोर्टात त्याची बाजू आम्ही मांडणार नाही.