धुराची मुदतवाढ



आपल्या बचत गटात हप्त्याची तारीख ठरलेली असते. ती चुकली की रजिस्टरमध्ये नोंद होते, दंड लागतो आणि का चुकली हे बैठकीत सगळ्यांसमोर सांगावं लागतं. आज आपण एका वेगळ्या थकबाकीचा इतिहास बघू. ही थकबाकी स्वच्छ हवेची आहे.

हवेचं प्रदूषण रोखण्याचा कायदा आपल्या देशात १९८१ साली झाला. दोनच वर्षांनी चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. आज या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. कोळसा जाळून झालेली वीज तारांमधून राज्यभर जाते, राख आणि धूर मात्र आधी तिथल्याच घरांवर उतरतो. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांची यादी केली. तीत चंद्रपूर होतं.

कोळशाच्या धुरात गंधकाचा वायू असतो. तो घशाला झोंबतो, दमेकऱ्याचा त्रास वाढवतो. हवेत त्याचे बारीक कण बनतात आणि वाऱ्याबरोबर लांबच्या गावांपर्यंत जातात. यावर उपाय आहे. चिमणीतून सोडण्याआधी धुरावर चुनखडीच्या पाण्याचा फवारा मारायचा. चुना गंधक धरून ठेवतो आणि त्यातून जिप्सम तयार होतं.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने या वायूवर मर्यादा घातली आणि वीज केंद्रांना २ वर्षं दिली. डिसेंबर २०१७ उजाडला, तेव्हा मुदत २०२२ पर्यंत वाढली. २०२१ मध्ये केंद्रांचे तीन गट पाडले आणि अतिप्रदूषित भागांसाठी २०२३ साल ठरलं. उशिरासाठी दंडही ठरला. पण २०२२ मध्ये तारीख २०२५ वर गेली आणि २०२४ च्या डिसेंबरात २०२८ वर. जिची तारीखच पुढे जाते, तिला दंड लागणार कधी? जुलै २०२५ मध्ये तर देशातल्या बहुतेक संचांना या यंत्रणेतून सूटच मिळाली. अतिप्रदूषित भागातल्या केंद्रांबाबत आता एकेका केंद्राचा वेगळा विचार होणार आहे.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. यंत्रणा महाग आहे, वीज महागेल, आपल्या कोळशात गंधक कमी आहे, असं सरकार म्हणतं. हे मुद्दे तपासण्यासारखे आहेत. पण पैसे नाहीत म्हणून हप्ता थांबला, तरी घरातल्या लेकराचा खोकला थांबत नाही. मुदत वाढवताना त्या घरातल्या बाईला कुणी विचारलं का, हा आमचा प्रश्न आहे.

म्हणून आम्ही गटांना सांगतो, गावाजवळ वीज केंद्र किंवा कारखाना असेल तर ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. इथल्या हवेची मोजणी कुठे होते? आकडे काय आले? ठरलेलं काम कोणत्या तारखेला पूर्ण होणार? उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आलेली तारीख आपल्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवा. ती पुढे ढकलली, तर तेही लिहा.

हिशेब ठेवायला आपण शिकलोच आहोत. आता हवेचाही ठेवू या.