शहाणपणाची घाई आणि भीतीची घाई

सप्टेंबर 1994 मध्ये सुरत शहरावर फुफ्फुसाच्या प्लेगचे संकट कोसळले. त्याआधी, ऑगस्टमध्ये, आपल्या बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगची वार्ता आली होती. सुरतेतून लाखो माणसे निघून गेली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून हातोहात संपल्या. धडधाकट माणसेही त्या गिळू लागली. इकडे रुग्णालयांत डॉक्टरांनी प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता संशयित रुग्णांना औषध सुरू केले. औषध एकच, घाईही दोन्हीकडे. परंतु एक घाई ज्ञानाची होती आणि दुसरी भीतीची.

या ज्ञानी घाईचा धडा कर्करोगाच्या वैद्यकालाही गिरवावा लागला आहे, आणि तोही पुष्कळ प्राण गमावल्यानंतर. कर्करोगावरील तीव्र औषधे अस्थिमज्जेलाही दुर्बळ करतात. मग जंतूंशी झुंजणाऱ्या श्वेतपेशी घटतात. 1966 साली अमेरिकेत बोडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तकर्करोगाच्या रुग्णांत दाखवून दिले, की या पेशींची संख्या जसजशी उतरते तसतसा जंतुसंसर्ग बळावतो. श्वेतपेशीच नसल्या म्हणजे पू धरत नाही, सूजही फारशी दिसत नाही. पुष्कळदा ज्वर हीच एकमेव खूण उरते. अहवाल हाती येईपर्यंत रुग्ण हातचा जाई. म्हणून 1971 साली शिम्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्वर दिसताच कार्बेनिसिलिन व जेंटामायसिन ही दोन औषधे सुरू करण्याची पद्धती मांडली. औषधे पुढे बदलली, तत्त्व टिकले.

आपल्याकडे परळचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 पासून कर्करुग्णांची सेवा करीत आहे, आणि पिंपरीच्या कारखान्यात 1955 साली पेनिसिलिन तयार होऊ लागले. रुग्णालय आले, औषध आले. पण औषधाचा विवेक कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. विनाकारण घेतलेल्या गोळ्यांनी जंतू निर्ढावतात. आज काही जंतू अत्यंत प्रभावी औषधांनाही दाद देत नाहीत, आणि त्याची किंमत सर्वांत आधी मोजतो तो श्वेतपेशी गमावलेला रुग्ण.

म्हणून कर्करोगावर औषधोपचार चालू असलेल्या आप्ताला ज्वर आला, तर घरची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. त्याच घटकेस रुग्णालय गाठावे. आणि आपल्या साध्या पडशाला मात्र प्रतिजैविक मागू नये. आपण न घेतलेली ती गोळी उद्या त्याच्या उपयोगी पडेल.