ओहमचा भागाकार

मागच्या हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत वुजूसाठी गीझर बसवला. फजरच्या वेळी गार पाण्याने म्हाताऱ्या नमाज्यांचे हाल होत होते, म्हणून चंदा गोळा करून घेतला. महिनाभरातच त्याचं सॉकेट एका बाजूने काळं पडलं आणि प्लास्टिक जळल्याचा वास येऊ लागला. वायरमन पोरगा आला. त्याने क्लॅम्प मीटरने करंट मोजला, 8.6 अँपिअर. मग मल्टिमीटरच्या दोन सुया ढिल्या झालेल्या जोडाच्या अल्याड-पल्याड लावल्या. तिथे 4.3 व्होल्ट दिसले.

“चाचा, इथं अर्धा ओहम बसलाय,” तो म्हणाला. “37 वॅट या एका स्क्रूवर जळतायत. माझं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं आहे.”

4.3 भागिले 8.6, म्हणजे 0.5 ओहम रोध. 4.3 गुणिले 8.6, म्हणजे जवळपास 37 वॅट. 2000 वॅटच्या गीझरपुढे 37 वॅट म्हणजे काहीच नाही. पण गीझरची उष्णता टाकीभर पाण्यात जाते, ही सगळी एका स्क्रूच्या टोकाशी साचत होती. मशिदीला आग लागायची ती एवढ्यावरून लागली असती.

हा भागाकार आज आयटीआयचा मुलगा उभ्या उभ्या करतो. तो पहिल्यांदा करणाऱ्या माणसाकडे भागायला आकडेच नव्हते. व्होल्ट नव्हता, अँपिअर नव्हता आणि ज्याला आपण ओहम म्हणतो ते तर त्याचं स्वतःचं नाव.

गेओर्ग सिमोन ओहम 1789 साली जर्मनीतल्या एर्लांगेन गावात जन्मला. बाप कुलपं बनवणारा कारागीर. शाळेत फारसा न गेलेला हा माणूस स्वतः वाचून गणित शिकला आणि मग ते त्याने आपल्या दोन्ही मुलांना शिकवलं. आई गेली तेव्हा गेओर्ग 10 वर्षांचा होता. पुढे विद्यापीठात जाऊन पोरगा नाच, स्केटिंग आणि बिलियर्ड्समध्ये रमला, तेव्हा बाप भडकला आणि दीड वर्षात त्याला तिथून काढलं. कारागिराच्या घरात शिकवणीचा पैसा कसा उभा राहतो हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना हा राग समजावून सांगायला नको. ओहम स्वित्झर्लंडमध्ये मास्तरकी करू लागला. 1811 मध्ये परत येऊन त्याने डॉक्टरेट मिळवली आणि 1817 पासून कोलोनच्या एका शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवू लागला. फावल्या वेळात शाळेच्याच प्रयोगशाळेत तो तारांमागे लागला.

1825 मध्ये त्याने पहिला निबंध छापला आणि त्यातलं सूत्र चुकलं. दोष बॅटरीचा होता. त्या काळच्या व्होल्टाच्या बॅटरीचा जोर प्रयोग चालू असतानाच घटत जायचा. तार लांब केल्यामुळे करंट कमी झाला की बॅटरी दमल्यामुळे, हे कळायला मार्ग नव्हता. निबंध छापणाऱ्या नियतकालिकाचा संपादक पोगेनडोर्फ याने सुचवलं की बॅटरी सोड, थर्मोकपल वापर. बिस्मथ आणि तांबं यांचे दोन जोड. एक उकळत्या पाण्यात, दुसरा वितळत्या बर्फात. या दोन्हींचं तापमान हलत नाही, त्यामुळे विजेचा जोरही हलत नाही.

जानेवारी 1826 मध्ये त्याने सारख्या जाडीच्या 8 तांब्याच्या तारा घेतल्या: 2, 4, 6, 10, 18, 34, 66 आणि 130 इंच. करंट मोजायला टांगलेली चुंबकसुई. करंटमुळे ती ढळली की तिला जागेवर आणायला किती पीळ द्यावा लागतो, तो आकडा लिहायचा. 2 इंचाच्या तारेला 326¾ आला, 130 इंचाच्या तारेला 48½. सगळे आकडे एका साध्या सूत्रात बसले: 7285 भागिले 20¼ अधिक तारेची लांबी. वाचकाने स्वतः करून पाहावं. 130 इंचाला उत्तर बरोबर 48.5 येतं, 2 इंचाला 327.4.

यातला 20¼ म्हणजे तार सोडून उरलेल्या मंडलाचा रोध, तांब्याच्या तारेच्या इंचांत मांडलेला. खरी गंमत पुढे आहे. ओहमने गरम टोक उकळत्या पाण्यातून काढून खोलीच्या तापमानावर ठेवलं. 7285 चा आकडा एकदम खाली आला, पण 20¼ तसाच राहिला. ढकलणारा जोर वेगळा आणि अडवणारा रोध वेगळा, हे तिथे सुटं झालं. मला हा क्षण सूत्रापेक्षा मोठा वाटतो. विज्ञानाचा इतिहास निघाला की आपण मुसलमान इब्न अल-हैसमचं नाव घेतो आणि समाधानाने गप्प बसतो. प्रयोगातून खरं-खोटं पारखण्याची जी रीत त्याने प्रकाशाला लावली, ती या कुलूपवाल्याच्या मुलाने तारेला कशी लावली, हेही वाचायला हवं.

1827 मध्ये ओहमचं पुस्तक बर्लिनला निघालं. विद्यापीठात जागा मिळेल या आशेने त्याने सारं पणाला लावलं होतं. पोल नावाच्या अभ्यासकाने पुस्तकावर कडाडून टीका केली, जागा मिळाली नाही, कोलोनची नोकरीही त्याने सोडली. साऱ्या जगाने त्याला छळलं अशी गोष्ट रंगवून सांगतात, ती तितकी खरी नाही. फेखनरने 1831 मध्ये स्वतः मोजमापं करून त्याची बाजू उचलून धरली होती. पण पोट भरायला ओहम किरकोळ शिकवण्या करत होता, आणि 1833 मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत लागला. लंडनच्या रॉयल सोसायटीने 1841 मध्ये कोप्ली पदक दिलं. म्युनिकला पूर्ण प्राध्यापकपद मिळालं 1852 मध्ये. 1854 च्या जुलैत तो वारला.

वॅटचं गणित त्याचं नव्हे. रोधात किती उष्णता निघते, ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे इंग्लंडमधल्या ज्यूलने 1841 च्या सुमारास दाखवलं. ओहम, व्होल्ट, अँपिअर ही एककं 1881 मध्ये पॅरिसच्या परिषदेत ठरली, वॅट हे नाव सीमेन्सने 1882 मध्ये सुचवलं.

त्या पोराने जुन्या बारीक तारेऐवजी जाड तार ओढली, 16 अँपिअरचं सॉकेट बसवलं आणि स्क्रू दोनदा आवळला. मग पुन्हा सुया लावल्या. करंट 8.7, आणि जोडावर 0.1 व्होल्टसुद्धा नाही. मी मनातल्या मनात गुणाकार केला. एक वॅटही भरत नव्हता.