पंधरा तास आणि वीस मिनिटं

५ डिसेंबर १९५५ची संध्याकाळ. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं मॉन्टगोमेरी शहर. २६ वर्षांच्या मार्टिन ल्यूथर किंगना आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या सभेत बोलायचं होतं आणि तयारीला हातात होती जेमतेम वीस मिनिटं. एरवी रविवारच्या एका प्रवचनासाठी ते पंधरा तास खर्च करायचे. त्या वीसातलीही पाच मिनिटं घाबरण्यात गेली, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय.

आपल्याला किंग माहीत असतात ते १९६३च्या वॉशिंग्टनमधल्या भाषणामुळे. पण तो आवाज घडला त्यांच्या पहिल्या नेमणुकीत.

वडील आणि आजोबा दोघेही चर्चचे पाळक. त्यामुळे बोलण्याची कला घरातच होती. १९५४मध्ये किंग मॉन्टगोमेरीच्या डेक्स्टर अव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्चचे पाळक झाले. इथली मंडळी शिकलेली होती, त्यांत शिक्षक आणि प्राध्यापक बरेच. त्यांना नीट मांडलेला विचार हवा असायचा. किंग पहाटे साडेपाचला उठून पीएचडीचा प्रबंध लिहायचे, रात्री पुन्हा तेच. मधला दिवस चर्चचा: लग्नं, अंत्यविधी, आजाऱ्यांच्या भेटी, बैठका. मंगळवारी प्रवचनाचा आराखडा सुरू व्हायचा, शनिवारी रात्री लेखन संपायचं.

मग १ डिसेंबरला बसमधली जागा सोडायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्सना अटक झाली. पाचव्या दिवशी कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. दुपारी आंदोलनाची संघटना उभी राहिली आणि अध्यक्ष म्हणून निवड झाली ती गावात नव्या असलेल्या या पाळकाची.

संध्याकाळी होल्ट स्ट्रीटच्या चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. हजारो लोक बाहेर उभे राहून लाउडस्पीकरवर ऐकत होते. त्यांत रोज बसने कामाला जाणारे मजूर आणि घरकामाच्या बायका होत्या. लोकांना पेटवायचं, पण द्वेषाकडे जाऊ द्यायचं नाही, हा किंगपुढचा पेच होता. ते बोलत गेले, गर्दी हुंकार देत गेली, आणि त्या हुंकारावर पुढचं वाक्य उभं राहत गेलं. मला वाटतं, पंधरा तासांच्या शिस्तीने त्यांना विचार दिला होता. तो लोकांच्या लयीत सांगायला मात्र त्या रात्री लोकांनीच शिकवलं.

पुढची परीक्षा घरात झाली. २७ जानेवारी १९५६च्या रात्री धमकीचा फोन आला. झोप उडाली, स्वयंपाकघरात कॉफी घेऊन ते एकटेच बसले आणि आपण खचलोय, अशी कबुली त्यांनी प्रार्थनेत दिली. इतरांना धीर देणाऱ्या माणसाला स्वतःसाठी धीर मागावा लागला. तीनच दिवसांनी घरावर बॉम्ब पडला. पत्नी आणि तान्ही मुलगी वाचल्या. चिडलेल्या, काही जण शस्त्रं घेऊन आलेल्या जमावाला किंगनी त्याच घराच्या ओसरीवरून शांत केलं.

बहिष्कार ३८१ दिवस चालला. १९६०मध्ये किंग अटलांटाला गेले. वॉशिंग्टनच्या भाषणात शेवटाकडे त्यांनी लिहून आणलेला कागद बाजूला ठेवला, ही गोष्ट सगळे सांगतात. त्याआधी जवळपास आठ वर्षं, होल्ट स्ट्रीटवर, त्यांच्याकडे कागदच नव्हता.