सामायिक दप्तर आणि त्याचा जाणता वापरकर्ता : एक ऐतिहासिक विवेचन

‘दप्तर’ हा शब्द मराठीत फारसीतून आला, आणि फारसीतील रूपाचे मूळ ग्रीक भाषेतील चर्मवाचक शब्दात आहे, असे व्युत्पत्तिशास्त्र सांगते. लिहावयाचे कातडे, लिहिलेल्या कागदांचा संग्रह, तो संग्रह सांभाळणारी कचेरी आणि शाळकरी मुलाच्या पाठीवरील पिशवी, असे या शब्दाचे अर्थ पसरत गेलेले दिसतात. कार्यालयांतून व विद्यापीठीय विभागांतून आज जे सामायिक संगणकीय कार्यस्थळ वापरले जाते, तो या अर्थमालिकेतील सर्वांत अलीकडचा मणी होय. अनेकांनी एकाच जागी लिहावे, एकमेकांचे लेखन दुरुस्त करावे आणि कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद आपोआप राहावी, हे या नव्या दप्तराचे लक्षण आहे.

अशा कार्यस्थळाचा कारभार प्रत्यक्षात कोण चालवितो? यंत्रणाप्रशासक दूर असतो. त्याला यंत्र कळते, पण विभागाचे काम ठाऊक नसते. सामान्य वापरकर्त्यास काम ठाऊक असते, पण यंत्राचे मर्म कळत नाही. या दोघांच्या मध्ये एक तिसरी व्यक्ती उभी असते. इंग्रजीत तिला ‘पॉवर यूजर’ म्हणतात. या नावातील ‘पॉवर’चा अर्थ सत्ता असा घेतला तर फसगत होते, तिला ‘जाणता वापरकर्ता’ म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. या व्यक्तीच्या अंगी कोणती कौशल्ये असावी लागतात, हा प्रश्न सामान्यतः मार्गदर्शक पुस्तिकांवर सोपविला जातो. वस्तुतः तो इतिहासाचा प्रश्न आहे. सामायिक लेखनाची प्रत्येक व्यवस्था ज्या ठिकाणी अडली, त्या ठिकाणी एकेक कौशल्य जन्मास आले, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

१

या इतिहासाचा आरंभ १९४५ पासून धरण्यास हरकत नाही. त्या वर्षी अमेरिकन शास्त्रज्ञ व्हॅनेव्हर बुश यांनी ‘मेमेक्स’ नामक एका काल्पनिक यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. कागदपत्रांची मांडणी केवळ वर्णानुक्रमाने वा वर्गवारीने न करता, विचारांच्या साहचर्याने एका कागदातून दुसऱ्याकडे वाट काढता यावी, ही त्यामागील कल्पना होती. ज्ञानाच्या पसाऱ्यातून अशा वाटा आखून देणाऱ्यांचा एक नवा व्यवसायच निर्माण होईल, असे भाकीतही त्यांनी केले होते. आपल्या जाणत्या वापरकर्त्याचा हा पहिला उल्लेख मानता येईल.

बुश यांच्या विचाराला प्रत्यक्ष रूप दिले डग्लस एंगलबार्ट यांनी. १९६२ मध्ये त्यांनी मानवी बुद्धीच्या संवर्धनासंबंधी जो अहवाल लिहिला, तो भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहण्याजोगा आहे. मनुष्याची कार्यक्षमता चार गोष्टींवर अवलंबून असते, असे त्यांचे प्रतिपादन होते : भाषा, साधने, कार्यपद्धती आणि प्रशिक्षण. या चौकडीत यंत्र हे चारांपैकी एक आहे, आणि भाषेला प्रथम स्थान आहे. भाषा विचाराला वळण देते या बेंजामिन व्होर्फ यांच्या मताचा आधार घेऊन, चिन्हे हाताळण्याची साधने बदलली की भाषा व विचारही बदलतील, असे नव-व्होर्फीय गृहीतक त्यांनी त्याच अहवालात मांडले.

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत एंगलबार्ट यांनी आपल्या यंत्रणेचे सुमारे ९० मिनिटांचे प्रात्यक्षिक दाखविले. दूर अंतरावरील सहकाऱ्याबरोबर एकाच लेखावर काम करणे तेथे प्रथमच लोकांच्या दृष्टीस पडले. पुढे १९७० मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत ‘जर्नल’ नावाची सोय सुरू झाली. तीत दाखल केलेल्या कागदास कायमचा क्रमांक मिळे आणि त्यानंतर तो बदलता येत नसे. खर्ड्याला मोकळीक असावी, पण निर्णयाला स्थैर्य असावे, हा कारभाराचा मूलभूत भेद येथे यंत्राने मान्य केला. एखाद्या अभ्यासमंडळाच्या इतिवृत्ताचा खर्डा व त्याची संमत प्रत एकाच नावाने एकाच जागी ठेवणाऱ्यास हा भेद उमगलेला नसतो.

ही यंत्रणा शिकण्यास कठीण होती. १९७४ पासून ती जाळ्यावरून इतर संस्थांना पुरविली जाऊ लागली, तेव्हा प्रत्येक संस्थेतील एकेक व्यक्ती ‘कार्यशाळा-शिल्पकार’ म्हणून निवडण्याची पद्धत पडली. आपल्या संस्थेच्या कामाला यंत्रणा कशी जुळवावी आणि सहकाऱ्यांना कसे तयार करावे, हे पाहणे त्या व्यक्तीचे काम असे. जाणत्या वापरकर्त्याचे पद येथे प्रथम स्पष्ट रूपाने आढळते.

२

दुसरा टप्पा ‘लोटस नोट्स’चा. १९८९ च्या अखेरीस विक्रीस आलेल्या या प्रणालीचे मूळ इलिनॉय विद्यापीठातील ‘प्लेटो’ या शिक्षणयंत्रणेच्या नोंदवहीत होते. नोट्समध्ये अधिकारांची सात पायऱ्यांची उतरंड होती : व्यवस्थापक, रचनाकार, संपादक, लेखक, वाचक, केवळ जमा करणारा आणि ज्यास प्रवेशच नाही असा. यांतील ‘संपादक’ व ‘लेखक’ यांमधील भेद विशेष मार्मिक आहे. लेखकास स्वतः निर्मिलेला कागद बदलता येतो. संपादकास सर्वांचे कागद बदलता येतात. ‘केवळ जमा करणारा’ हा टपालपेटीत पत्र टाकणाऱ्यासारखा : त्यास आत टाकता येते, आत पाहता येत नाही. परवानगीचे व्याकरण असे सूक्ष्म असू शकते, ही जाणीव या प्रणालीने दिली.

तथापि व्याकरण ठाऊक असले म्हणजे संभाषण घडतेच असे नाही. १९८८ मध्ये जोनाथन ग्रुडिन यांनी समूहकार्याच्या संगणकीय साधनांना अपयश का येते याची चिकित्सा केली. जादा श्रम एकाने करावयाचे आणि लाभ दुसऱ्यास मिळावयाचा, ही विसंगती त्यांनी एक प्रमुख कारण म्हणून दाखविली. १९९२ मध्ये वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी एका मोठ्या सल्लागार व्यवसायसंस्थेत नोट्सचा वापर कसा झाला याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथील कर्मचाऱ्यांनी नवे साधन जुन्या, परिचित साधनांच्याच चौकटीत पाहिले. शिवाय स्पर्धेवर बढती अवलंबून असलेल्या त्या संस्थेत, आपले ज्ञान सर्वांसाठी खुले करण्यात कोणास स्वारस्य वाटावे असे काही नव्हते. या दोन अभ्यासांतून निष्पन्न होणारे कौशल्य कोणत्याही पुस्तिकेत सापडत नाही. सहकाऱ्याने एक जादा रकाना भरावा असे वाटत असेल, तर त्या रकान्याचा लाभ त्यालाही दिसेल अशी रचना करणे, हे ते कौशल्य होय.

२५ मार्च १९९५ रोजी वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिली विकी खुली केली. हवाई भाषेतील ‘शीघ्र’ या अर्थाच्या शब्दावरून तिला नाव मिळाले. येथे अधिकारांची उतरंड जवळजवळ मोडूनच टाकण्यात आली. कोणीही, कोणतेही पान बदलावे. बिघडवणे जितके सोपे तितकेच सुधारणेही सोपे असेल तर विश्वास परवडतो, हा तिचा धडा आहे. प्रत्येक जुनी आवृत्ती परत मिळविता येण्याच्या सोयीचे महत्त्व यामुळे अधोरेखित झाले.

३

या सर्व प्रवाहांचा संगम मायक्रोसॉफ्टच्या ‘शेअरपॉइंट’ प्रणालीत दिसतो. तिची पहिली आवृत्ती २००१ मध्ये आली. तिच्या स्थळावर मालक, सदस्य व अभ्यागत असे तीन गट मुळातच असतात. स्थळाला दिलेल्या परवानग्या आतील संग्रहांना व कागदांना वारशाने मिळतात. हा वारसा एखाद्या ठिकाणी तोडता येतो. परंतु प्रत्येक अडचणीच्या वेळी तो तोडत गेल्यास काही महिन्यांनी कोणता कागद कोणास दिसतो हे खुद्द मालकासही सांगता येत नाही. म्हणून अधिकार व्यक्तीला न देता गटाला द्यावा, आणि वारसा कागदागणिक न तोडता संग्रहाच्या पातळीवरच तोडावा, हा जाणत्याचा नियम होय.

वर्गीकरणाची गोष्ट अशीच आहे. पेशवे दप्तराचे कागद कापडी रुमालांत बांधून ठेवले जात. एक कागद एकाच रुमालात राहू शकतो. त्याचा संबंध जमाबंदीशी आणि न्यायनिवाड्याशी दोन्हीकडे असला तरी त्याला जागा एकच. संगणकावरील फोल्डर हा असाच रुमाल आहे. त्याऐवजी कागदास वर्ष, विषय, प्रकार व स्थिती असे रकाने जोडले, म्हणजे तोच कागद अनेक वाटांनी गाठता येतो. शेअरपॉइंटमध्ये एका दृश्यात ५,००० नोंदींची मर्यादा ओलांडली की अडथळे सुरू होतात. रकान्यांना आगाऊ अनुक्रमणी करून ठेवल्यास हे अडथळे पुष्कळ अंशी टाळता येतात. २०१० च्या आवृत्तीत संज्ञासंग्रहाची सोय आली. तीत एका संज्ञेचे मान्य रूप, तिचे पर्याय आणि निरनिराळ्या भाषांतील नावे नोंदविता येतात. हे काम उघडच कोशकाराचे आहे.

मराठीत लिहिणाऱ्या विभागांना येथे एक खास अडचण येते. ‘कर्मचाऱ्यांची’ या शब्दातील ‘ऱ्या’चे रूप युनिकोडमध्ये दोन रीतींनी टंकलिखित होते : एकदा ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने, एकदा साध्या ‘र’नंतर अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, यंत्राला ती भिन्न असतात. जेथे ही रूपे एक मानण्याची तजवीज नसेल, तेथे शोध घेणाऱ्यास निम्मेच कागद सापडतात आणि उरलेले नाहीतच असा त्याचा समज होतो. युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेले लेख तर योग्य परिवर्तनाशिवाय मराठी शब्दाने शोधताच येत नाहीत. ‘अंतिम’, ‘अंतिम २’ आणि ‘खरे अंतिम’ अशी नावे धारण करणाऱ्या खर्ड्यांविषयी अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही. नावाच्या आरंभी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घातली आणि आवृत्त्यांची मोजणी यंत्रावर सोपविली, तर हा गोंधळ मुळातच उद्भवत नाही.

४

वरील इतिहासावरून चार कौशल्ये निश्चित करता येतात : खर्डा व निर्णय यांतील भेद राखणे, अधिकारांची सुटसुटीत वाटणी करणे, नामकरण व वर्गीकरण यांत एकवाक्यता आणणे, आणि सहकाऱ्यांच्या श्रम-लाभाचा तोल सांभाळणे. यांपैकी पहिल्या दोहोंत यंत्र साहाय्य करते. तिसऱ्यात अल्प साहाय्य करते. चौथ्यात ते काहीच करीत नाही.

आपल्या विभागांत हे काम बहुधा एखाद्या तरुण सहकाऱ्याकडे, ‘त्याला संगणक येतो’ एवढ्याच कारणाने, सोपविले जाते. त्याची नोंद अध्यापनात होत नाही आणि संशोधनातही होत नाही. तो अन्यत्र गेला म्हणजे स्थळाची चावी, रकान्यांचा अर्थ आणि संकेतांची परंपरा त्याच्याबरोबर जाते. या प्रणालीच्या ऑनलाइन रूपात पुसलेला कागद ९३ दिवस परत मिळविता येतो. विसरलेल्या संकेताला तेवढीही मुदत नसते. बोलींच्या नोंदी, क्षेत्रकार्यातील ध्वनिमुद्रणे, कोशाच्या चिठ्ठ्या अशी पुन्हा न मिळणारी सामग्री ज्या विभागांनी या दप्तरांत ठेवली आहे, त्यांनी याचा गांभीर्याने विचार करावयास हवा.

उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक स्थळाला किमान दोन मालक असावेत. संकेतांचे एक पान त्याच स्थळावर लिहून ठेवावे. वर्षातून एकदा परवानग्यांची झडती घ्यावी. आणि या कामास विभागीय कार्यभारात तासांनिशी स्थान द्यावे. एंगलबार्ट यांच्या चौकडीतील साधने विकत मिळतात. भाषा, पद्धती आणि प्रशिक्षण ही प्रत्येक विभागाने स्वतःच घडवावी लागतात, आणि ती घडविणाऱ्या माणसाला ओळखणे हे विभागप्रमुखाचे कर्तव्य ठरते.