व्हिडिओ निर्मिती सेवा (भारत)

व्हिडिओ निर्मिती सेवा म्हणजे एखादी व्यक्ती, कंपनी, संस्था किंवा शासकीय खाते यांच्या मागणीवरून आणि त्यांच्या खर्चाने चित्रफीत तयार करून देण्याची व्यावसायिक सेवा होय. जाहिरात, कंपनीचा परिचयपट, प्रशिक्षणपट, माहितीपट, कार्यक्रमाचे चित्रीकरण आणि विवाहसोहळ्याचे चित्रीकरण हे या सेवेचे प्रमुख प्रकार आहेत. सेवा देणाऱ्या संस्थेला निर्मिती संस्था किंवा प्रॉडक्शन हाऊस असे म्हणतात. तयार वस्तूच्या खरेदीत ग्राहक वस्तू पाहून पैसे देतो. येथे मात्र करार होताना चित्रफीत अस्तित्वातच नसते. त्यामुळे कामाची व्याप्ती, दुरुस्त्या, हक्क आणि मूळ चित्रीकरणाची मालकी या बाबी आधी लेखी ठरलेल्या असणे दोन्ही पक्षांच्या दृष्टीने निर्णायक ठरते.

## पार्श्वभूमी

भारतात मागणीनुसार लघुपट तयार करण्याची परंपरा जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनी पहिल्या कथापटासाठी भांडवल मिळवण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवणारा लघुपट तयार केला होता. आपले कौशल्य दाखवून अर्थसाहाय्य मिळवणे हा त्यामागील हेतू होता. नव्या ग्राहकाला पूर्वीच्या कामांचे नमुने दाखवण्याच्या आजच्या प्रथेशी त्याचे साम्य आहे. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली व शासकीय माहितीपटांची नियमित निर्मिती सुरू झाली. १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती दाखवल्या जाऊ लागल्या, तेव्हा जाहिरातपटांना चित्रपटगृहांबाहेरचा प्रेक्षक मिळाला. १९८० च्या दशकात व्हिडिओ कॅमेरे आणि व्हीएचएस फिती उपलब्ध झाल्यावर लहान शहरांतही विवाहसोहळ्यांचे ‘व्हिडिओ शूटिंग’ रूढ झाले. डिजिटल कॅमेरे व संगणकावरील संकलनामुळे पुढे हा व्यवसाय कमी भांडवलात करणे शक्य झाले.

## निर्मितीचे टप्पे

काम सामान्यतः तीन टप्प्यांत विभागले जाते.

### निर्मितीपूर्व टप्पा

या टप्प्यात चित्रफितीचा हेतू, प्रेक्षक, भाषा, कालावधी आणि प्रसारणाचे माध्यम निश्चित केले जाते. त्यानंतर संहिता लिहिली जाते, आवश्यक तेथे दृश्यांची रेखाटने असलेला स्टोरीबोर्ड तयार होतो, स्थळपाहणी केली जाते आणि चित्रीकरणाचे वेळापत्रक ठरते. संहितेला ग्राहकाची लेखी मान्यता घेण्याची पद्धत आहे. कागदावरचे वाक्य बदलण्यास खर्च जवळजवळ येत नाही. तेच वाक्य चित्रीकरणानंतर बदलायचे झाल्यास कलाकार, तंत्रज्ञ आणि जागा यांची पुन्हा जुळवाजुळव करावी लागते. म्हणूनच या टप्प्याला दिलेला वेळ एकूण खर्च कमी करतो.

### चित्रीकरण

चित्रीकरणाचे मोजमाप बहुधा शिफ्टमध्ये केले जाते. ठरलेल्या तासांपेक्षा अधिक काम झाल्यास जादा आकारणी होते. लहान कामात दोन-तीन व्यक्ती पुरतात. मोठ्या जाहिरातपटात दिग्दर्शक, छायालेखक, ध्वनिमुद्रक, प्रकाशयोजनाकार, कलादिग्दर्शक, रंगभूषाकार आणि साहाय्यक असे मोठे पथक असते. ग्राहकाच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार असलेली एक व्यक्ती चित्रीकरणस्थळी उपस्थित असणे उपयुक्त मानले जाते. कारखान्यात किंवा कार्यालयात चित्रीकरण असल्यास वीजपुरवठा, आवाज थांबवणे आणि कर्मचाऱ्यांची उपलब्धता ही जबाबदारी सामान्यतः ग्राहकाकडे असते. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने कॅमेऱ्याचा शटरवेग त्याच्याशी जुळला नाही, तर काही दिव्यांच्या प्रकाशात चित्र लुकलुकते. असा दोष संकलनात पूर्णपणे दूर करणे कठीण असते.

### निर्मितीपश्चात टप्पा

यात संकलन, रंगसंस्करण, निवेदन, संगीत, ध्वनिमिश्रण, ग्राफिक्स आणि उपशीर्षके यांचा समावेश होतो. ग्राहकाला प्रथम कच्चे संकलन दाखवले जाते व त्यावर दुरुस्त्या मागवल्या जातात. करारात बहुधा दोन किंवा तीन फेऱ्यांच्या दुरुस्त्या समाविष्ट असतात. मान्य संहितेबाहेरचा बदल हे नवे काम धरले जाते. मराठी मजकूर पडद्यावर येणार असल्यास टंक आणि संकलन प्रणाली यांची जुळणी आधी तपासावी लागते, कारण देवनागरीला पुरेसा आधार नसलेल्या प्रणालीत जोडाक्षरे तुटतात व वेलांट्या चुकीच्या जागी पडतात. व्यक्तींची नावे, पदनामे व गावांची नावे यांची अचूक यादी ग्राहकाने पुरवणे अपेक्षित असते.

## दरपत्रक आणि देयके

एकाच कामासाठी आलेल्या दोन दरपत्रकांत मोठी तफावत असू शकते. पथकाचा आकार, चित्रीकरणाचे दिवस, साधनसामग्री, कलाकारांचे मानधन, जागेचे भाडे, प्रवास व मुक्काम, संगीताचा परवाना आणि संकलनाचे तास यांवर किंमत अवलंबून असते. केवळ एकूण रकमेची तुलना केल्यास यांपैकी कोणती बाब वगळली आहे हे लक्षात येत नाही. त्यामुळे बाबनिहाय दरपत्रक मागण्याचा प्रघात आहे.

रक्कम बहुधा हप्त्यांत दिली जाते. काम निश्चित करताना अग्रिम रक्कम, चित्रीकरणाच्या सुमारास दुसरा हप्ता आणि अंतिम प्रत देताना उर्वरित रक्कम अशी विभागणी प्रचलित आहे. महाराष्ट्रात सेवापुरवठादाराची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपेक्षा अधिक असल्यास वस्तू व सेवा कराची नोंदणी आवश्यक असते. दरात हा कर समाविष्ट आहे की नाही, हे दरपत्रकात नमूद असावे लागते.

निर्मिती संस्था सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणीकृत असल्यास २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार ग्राहक कंपनीला देयक फेडण्यासाठी कमाल ४५ दिवसांची मुदत ठरवता येते. लेखी मुदत ठरलेली नसल्यास ही मर्यादा १५ दिवसांची असते.

## हक्क आणि मालकी

प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार व्हिडिओ चित्रफीत ‘चलचित्रपट’ या संज्ञेत येते व तिचा निर्माता हा तिचा कर्ता मानला जातो. मात्र कलम १७ मध्ये महत्त्वाचा अपवाद आहे. एखाद्या व्यक्तीच्या सांगण्यावरून व मोबदला घेऊन चलचित्रपट तयार केला असल्यास, विरुद्ध करार नसेल तेव्हा, ती व्यक्तीच प्रताधिकाराची प्रथम मालक ठरते. म्हणजेच कायद्याचा मूळ कल पैसे देणाऱ्या ग्राहकाच्या बाजूने आहे. परंतु निर्मिती संस्थेच्या छापील अटींत याच्या विरुद्ध तरतूद असू शकते आणि तिच्यावर स्वाक्षरी केल्यास तीच लागू होते.

हक्क हस्तांतरित करायचे असल्यास ते लेखी व स्वाक्षरीसह करावे लागतात. हस्तांतराचा कालावधी नमूद नसल्यास तो पाच वर्षांचा, तर भौगोलिक क्षेत्र नमूद नसल्यास ते भारतापुरते मर्यादित मानले जाते. परदेशातही वापरायच्या चित्रफितीसाठी ही तरतूद विशेष महत्त्वाची ठरते.

अंतिम चित्रफितीचे मालक होणे आणि तिच्यामागील सर्व सामग्री हाती येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न वापरलेले मूळ चित्रीकरण, संकलनाच्या प्रकल्पधारिका आणि ग्राफिक्सचे मूळ आराखडे द्यायचे की नाही, हे करारावर अवलंबून असते. हा मुद्दा ठरला नसल्यास, कंपनीचा पत्ता किंवा बोधचिन्ह बदलण्यासारख्या किरकोळ दुरुस्तीसाठीही ग्राहकाला पुन्हा त्याच संस्थेकडे जावे लागते.

संगीताचे हक्क स्वतंत्र असतात. लोकप्रिय चित्रपटगीत वापरण्यासाठी गीत-संगीताच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या हक्कधारकांची परवानगी लागते. विवाहसोहळ्यात व त्याच्याशी निगडित समारंभात गाणी वाजवण्यास प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. ती सूट समारंभातील सादरीकरणासंबंधी आहे. तेच गाणे संकलित चित्रफितीला जोडून समाजमाध्यमांवर प्रसिद्ध करणे ही वेगळी कृती आहे, आणि अशा चित्रफितींचा आवाज संबंधित मंचाकडून बंद केला जाऊ शकतो. त्यामुळे अनेक संस्था परवाना घेतलेले तयार संगीत वापरतात. त्या परवान्याची प्रत ग्राहकाने जपून ठेवणे हिताचे असते. चित्रफितीत दिसणाऱ्या व्यक्तींची, विशेषतः रुग्ण आणि बालकांच्या पालकांची, लेखी संमती घेणेही आवश्यक समजले जाते.

## परवानग्या

सार्वजनिक ठिकाणी व्यावसायिक चित्रीकरण करण्यासाठी संबंधित यंत्रणेची परवानगी लागते. महाराष्ट्रात चित्रीकरणाच्या परवानग्यांसाठी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळामार्फत एक खिडकी योजना राबवली जाते. रेल्वे स्थानकांसाठी संबंधित रेल्वे विभागाकडे अर्ज करावा लागतो. रायगड, शिवनेरी, अजिंठा, वेरूळ यांसारख्या केंद्र-संरक्षित स्थळांसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची अनुमती आवश्यक असते.

हवाई चित्रीकरणाला ड्रोन नियम, २०२१ लागू होतात. हवाई क्षेत्राचे हिरवे, पिवळे व लाल असे विभाग असून पिवळ्या आणि लाल विभागांत पूर्वपरवानगी लागते. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनचा अपवाद वगळता व्यावसायिक वापरासाठी चालकाकडे दूरस्थ वैमानिक प्रमाणपत्र असावे लागते. याशिवाय पोलीस प्रशासन वेळोवेळी स्थानिक मनाई आदेश काढते. चित्रफीत चित्रपटगृहात दाखवायची असल्यास केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र आवश्यक असते. परवानग्या कोणी मिळवायच्या आणि त्यांचे शुल्क कोणी भरायचे, याचा उल्लेख करारात केला जातो.

## सुपुर्दगी आणि जतन

एकच चित्रफीत वेगवेगळ्या माध्यमांसाठी वेगवेगळ्या आकारांत लागते. दूरचित्रवाणी व संगणकासाठी १६:९, तर मोबाइलवरील उभ्या चित्रफितींसाठी ९:१६ हे प्रमाण वापरतात. आडव्या चौकटीसाठी घेतलेले दृश्य नंतर उभे कापल्यास कडेच्या व्यक्ती व मजकूर वगळला जातो. म्हणून लागणाऱ्या आकारांची यादी चित्रीकरणापूर्वी द्यावी लागते.

मूळ चित्रीकरणाच्या धारिका मोठ्या असतात. प्रतिसेकंद १०० मेगाबिट वेगाने नोंदवलेले एका तासाचे चित्रीकरण सुमारे ४५ गिगाबाइट जागा व्यापते. त्यामुळे निर्मिती संस्था ते अनिश्चित काळ जपत नाहीत व ठरावीक मुदतीनंतर पुसून टाकतात. ही मुदत करारात नमूद करणे व त्यापूर्वी ग्राहकाने स्वतःची प्रत घेणे इष्ट असते. चित्रीकरणाच्या दिवशीच दोन वेगळ्या साधनांवर प्रती काढणे ही व्यवसायातील मान्य खबरदारी आहे.

## वाद आणि दाद

विलंब, दुरुस्त्यांची संख्या, मूळ चित्रीकरणाची मागणी आणि थकीत देयके ही वादाची नेहमीची कारणे आहेत. विवाहसोहळा किंवा बारसे यांचे चित्रीकरण नष्ट झाल्यास ते पुन्हा करता येत नाही. अशा वेळी केवळ शुल्काचा परतावा पुरेसा ठरत नाही, म्हणून भरपाईची अट स्वतंत्रपणे लिहिली जाते. वैयक्तिक उपयोगासाठी सेवा घेतलेल्या व्यक्तीस ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास ती जिल्हा आयोगाकडे दाखल होते. व्यापारी हेतूने सेवा घेणाऱ्या कंपन्यांना सामान्यतः हा मार्ग उपलब्ध नसतो. त्यांना करारातील लवाद किंवा दिवाणी न्यायालय यांचा आधार घ्यावा लागतो. दोन्ही प्रकारांत लेखी करार, मान्य संहिता आणि दुरुस्त्यांचा पत्रव्यवहार हेच प्रमुख पुरावे ठरतात.

## हे सुद्धा पहा

- माहितीपट
- जाहिरात
- प्रताधिकार
- चित्रपट संकलन
- फिल्म्स डिव्हिजन
- दादासाहेब फाळके